१९६७ ची तेरा फुटी बोस्टन व्हेलर: दुरुस्ती आणि इंजिनाची निवड

सुकाणू | १ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार. मी मॅसॅच्युसेट्स राज्यात श्रूजबरी येथे राहतो. एका वृद्ध गृहस्थांच्या कोठारात वीस-बावीस वर्षे ताडपत्रीखाली पडून असलेली १९६७ ची तेरा फुटी बोस्टन व्हेलर मी गेल्या ऑक्टोबरात ट्रेलरसह विकत घेतली. बोटीचे बाहेरचे अंग वरवर पाहता धड आहे. आतला फिकट निळा रंग खडूसारखा हाताला लागतो, महोगनीची आसने करडी पडली आहेत आणि निरनिराळ्या मालकांनी आपापल्या सोयीने पाडलेली स्क्रूची भोके मी मोजली तेव्हा ती एकतीस भरली.

बोटीबरोबर त्याच काळातले ३३ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे दोन-स्ट्रोक इंजिन आले आहे. ते हाताने फिरते, पण सुरू करून पाहण्याचे धाडस मी केलेले नाही. आम्ही दोघे आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले असे चौघे क्विन्सिगामंड तलावावर शनिवार-रविवारी फिरू, आणि वर्षातून एखाद्या वेळी डक्सबरीच्या खाडीत जाऊ, एवढीच अपेक्षा आहे. मला ४० अश्वशक्तीचे इंजिन हवे आहे. नवे चार-स्ट्रोक घ्यावे, वापरलेले दोन-स्ट्रोक शोधावे, की हे जुनेच दुरुस्त करावे, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

खारा वारा | १ मार्च, रात्री ११.१५

अभिनंदन. मात्र इंजिनाचा प्रश्न तुम्ही तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी बोटीचे वजन करावे, असे मी आग्रहाने सुचवेन. बोटीची चौकशी करताना लोक ठोकून पाहतात, वाकून पाहतात, रंग पाहतात, पण काट्यावर कोणी नेत नाही, आणि या विशिष्ट बोटीच्या बाबतीत काटाच सर्वांत खरे सांगतो.

साध्या फायबरच्या बोटीला एकच जाड कवच असते आणि आतून पट्ट्यांचा आधार असतो. तिच्यात फोम भरलेलाच असला तर तो केवळ तरंगण्यासाठी. डिक फिशर यांनी १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या या बोटीची रचना वेगळी आहे. तळाचा आराखडा रे हंट यांचा. बाहेरचे आणि आतले अशी दोन पातळ कवचे, आणि मधल्या पोकळीत ओतून फुगवलेला पॉलियुरेथेनचा फोम. तो दोन्ही कवचांना घट्ट चिकटलेला असतो, म्हणूनच ती पातळ कवचे एवढा मार सोसतात. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात फिशर स्वतः बसलेले असताना त्यांची बोट करवतीने मधोमध कापली जात असल्याची छायाचित्रे आली होती, आणि दोन्ही तुकडे तरंगत राहिले होते. बोट बुडत नाही, हे खरेच आहे. परंतु ती पाणी पिऊ शकते. साठ वर्षांत एखाद्या भोकातून थेंब थेंब पाणी आत जात राहिले, तर ते बाहेर यायला वाटच नसते.

जवळच्या भंगारवाल्याकडे किंवा खडी विकणाऱ्याकडे वाहनांचा वजनकाटा असेल. इंजिन, बॅटरी, टाकी, नांगर सारे काढून ट्रेलरसह बोट तोला, नंतर रिकामा ट्रेलर तोला. असे काटे बहुधा २० पौंडांच्या पटीतच आकडा दाखवतात, एवढे लक्षात ठेवा. तेरा फुटी बोटीचे मूळ वजन जुन्या पत्रकांत ३०० ते ३२५ पौंडांच्या दरम्यान, म्हणजे साधारण १३६ ते १४७ किलो दिलेले आढळते. तुमचा आकडा कळवा, मग इंजिनाबद्दल बोलू.

निवांत काठ | २ मार्च, सकाळी ७.०५

मला हा सारा खटाटोप अनाठायी वाटतो. ओल्या फोमच्या कितीतरी व्हेलर आजही पाण्यावर आहेत. भोके बुजवावीत, इंजिन बसवावे आणि उन्हाळा वाया जाऊ देऊ नये. बोट ही शेवटी फिरण्यासाठी घेतलेली असते.

पातवाला | २ मार्च, सकाळी १०.३०

मी मालवणचा. आमच्याकडे लहान मासेमारी होडीला पात म्हणतात, आणि हल्लीच्या बहुतेक पाती फायबरच्याच असतात. दरवर्षी पाच-सहांची मलमपट्टी माझ्या हातून होते. तुमची बोट मी पाहिलेली नाही, पण पाणी प्यायलेली होडी ओळखण्याची आमची रीत सांगतो. प्लास्टिकच्या मुठीच्या हातोडीने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत हातभर अंतराने ठोकत जावे. जिथे कवच घट्ट आहे तिथे आवाज टणक आणि आखूड येतो, आणि जिथे ते सुटले आहे तिथे रिकाम्या डब्यासारखा पसरट येतो. प्रत्येक पसरट जागेवर खडूने गोल काढावा. एका दमात सारे ठोकू नये, कान मरतो.

सुकाणू | ९ मार्च, सायंकाळी ६.२०

वजन करून आलो. ट्रेलरसह ९४०, रिकामा ट्रेलर ४२०. म्हणजे बोट ५२० पौंड.

ठोकणीचा निकालही तसाच आहे. पुढच्या दोन तृतीयांश भागात एकही गोल पडला नाही, पण मागच्या चार फुटांत खडूची रांगोळी झाली आहे.

खारा वारा | ९ मार्च, रात्री ८.००

म्हणजे २०० पौंड पाणी. चाळीस अश्वशक्तीचे नवे चार-स्ट्रोक इंजिन २१० ते २३० पौंडांचे असते. त्या वजनाचे एक अख्खे इंजिन तुमच्या बोटीच्या मागच्या भागात आधीच बसलेले आहे आणि त्यावर तुम्ही दुसरे टांगणार होता.

निवांत काठ यांचा मुद्दा फ्लोरिडात एखाद्या वेळी चालून जाईल. मॅसॅच्युसेट्समध्ये ते पाणी दर हिवाळ्यात गोठते, गोठताना फुगते आणि फोमला कवचापासून सोडवत जाते. दरवर्षी नवा ओला भाग तयार होतो. हे काम टाळले तर पुढच्या वर्षी ते मोठे होऊन परत येईल.

पाणी कुठून गेले, याचा अंदाज मी इथूनच बांधतो. बोटीच्या मागे पाणी साचण्याची जी खोलगट जागा आहे, तिच्यातून बाहेर जाणारी पितळी नळी काढून पाहा. ती दोन्ही कवचांच्या आरपार, फोममधून जाते. दोन्ही टोके पसरवून रबरी कड्यावर दाबलेली असतात. पितळ पन्नास-साठ वर्षांत झिजते, चिरते, आणि ती चीर नेमकी फोमच्या आत असते, म्हणून वरून काहीच दिसत नाही.

सुकाणू | २४ मार्च, रात्री १०.१०

नळी हातात आली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले. मधला भाग हिरवा आणि बिस्किटासारखा ठिसूळ होता.

आतले कवच कापताना गोल करवतीचे पाते एक चतुर्थांश इंचाहून कमी खोल ठेवले होते. खरबरीत पृष्ठभाग जिथे संपून गुळगुळीत पट्टी सुरू होते, त्याच रेषेवर कापले, म्हणजे पुढे सांधा त्या कडेत लपेल. कापलेला पत्रा एकसंध ठेवण्याचा बेत होता, आणि अर्ध्या भागात तर कवच फोमपासून इतके सुटलेले होते की पत्रा पापडासारखा अलगद उचलला गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी लांब पात्याची सुरी घालून फोम तासावा लागला.

आतले दृश्य मी विसरणार नाही. कोरडा फोम फिकट साईच्या रंगाचा आणि बोटाने दाबला तर कुरकुरणारा असतो. मागच्या दोन फुटांतला फोम चहात बुडवलेल्या खारीसारखा तपकिरी होता. मुठीत घेऊन पिळला तेव्हा कोपरापर्यंत पाणी ओघळले. त्याला मुरलेल्या प्लायवुडचा आंबूस वास होता, आणि तो दोन दिवस हाताला राहिला. काढलेला ओला फोम अकरा पिशव्यांत भरला आणि घरच्या काट्यावर तोलला, तेव्हा एकूण १७० पौंड भरला.

सर्वांत वाईट बातमी शेवटी. इंजिन ज्यावर टांगतात त्या मागच्या भिंतीतले, म्हणजे ट्रान्सममधले, प्लायवुड वरच्या अर्ध्यात घट्ट आहे, पण खाली नळीच्या दोन्ही बाजूंना पेचकस सहज रुततो.

खारा वारा | २४ मार्च, रात्री ११.३०

ही वाईट बातमी आज कळली, हे उत्तम झाले. इंजिन बसवल्यावर कळली असती तर ती तलावाच्या मध्यावर कळली असती.

खराब प्लायवुड पूर्ण काढा. नव्या मरीन प्लायवुडचे दोन थर एपॉक्सीने एकमेकांना चिकटवून मूळच्या जाडीएवढे करा आणि प्रत्येक कड, विशेषतः कापलेली कड, एपॉक्सीने दोनदा पाजून घ्या. फोम भरण्याची घाई नको. पंखा आणि आर्द्रताशोषक यंत्र लावून किमान तीन आठवडे उघडे ठेवा. उरलेल्या फोमची कड कापसाने पुसली तर कापूस ओला होता कामा नये.

ओतायचा फोम निवडताना एक चूक सर्रास होते. घनफुटाला २ पौंडांचा फोम स्वस्त असतो आणि साध्या बोटीत तरंगण्यापुरता तो पुरतो. इथे फोमने दोन कवचांमधला ताण पेलायचा आहे, म्हणून किमान ४ पौंड घनतेचा घ्या. दोन्ही द्रव मिसळल्यावर अर्ध्या मिनिटात तो उसळू लागतो. एकदम सारा ओतला तर त्याच्या दाबाने तळ बाहेर फुगतो, आणि फुगलेला तळ पुन्हा सरळ होत नाही. थोडा ओतावा, बसू द्यावा, मग पुढचा. थंडीत तो नीट फुलत नाही, तेव्हा तपमान २० अंश सेल्सियसच्या वर जाईपर्यंत थांबा.

पातवाला | २५ मार्च, सकाळी ११.००

कवच पुन्हा जोडण्याबद्दल थोडे लिहितो, कारण ते माझे रोजचे काम आहे.

आम्ही पाती पॉलिएस्टर रेझिनने बांधतो, कारण ते स्वस्त पडते आणि लवकर सुकते. परंतु जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर नवे पॉलिएस्टर केवळ खरबरीतपणाच्या आधाराने चिकटते. तिथे एपॉक्सीची पकड निःसंशय चांगली. सांध्याच्या दोन्ही कडांना बारास एक असा उतार द्यावा. कवच ५ मिलिमीटर जाड असेल तर उतार ६० मिलिमीटर रुंद हवा. माणसे इथेच कंटाळतात आणि वीस मिलिमीटरांवर भागवतात. मग दोन वर्षांनी तीच रेघ पुन्हा उमटते.

एपॉक्सी वापरणार असाल तर विणलेले कापड घ्या. तुकड्यांची जी साधी मॅट मिळते, तिचे धागे धरून ठेवणारा पदार्थ बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो, एपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. तसेच एपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो. तो घासण्याआधी साध्या पाण्याने धुवावा. आधी घासला तर तो पृष्ठभागात चोळला जातो आणि पुढचा थर धरत नाही.

एक सावधगिरी जे पॉलिएस्टर वापरतील त्यांच्यासाठी. आमच्याकडे रेझिन, कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि हार्डनर अशा तीन वस्तू वेगवेगळ्या मिळतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. अमेरिकेत बहुतेक रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही, परंतु हा धागा इथले कोणी वाचत असेल तर त्याने हे दोन्ही डबे एका फळीवरसुद्धा ठेवू नयेत.

हवेबद्दल म्हणाल तर आमच्या पाती १ जूनला किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि ३१ जुलैला मासेमारीबंदी संपेपर्यंत माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. लोकांना वाटते की हे दोन महिने दुरुस्तीला मोकळे मिळतात. प्रत्यक्षात त्या दमट हवेत लावलेले फायबर चिकट राहते, म्हणून शहाणा माणूस मे महिन्यातच हात धुऊन घेतो.

अर्धी वल्ही | ३० मार्च, दुपारी १.४५

धागा आवडीने वाचतो आहे. एवढ्या लहान बोटीला विजेवरचे इंजिन का लावू नये? आवाज नाही, धूर नाही, आणि तलाव तर घराजवळ आहे.

फेरेमोजणी | ३० मार्च, रात्री ९.००

प्रश्न रास्त आहे, उत्तर हिशोबात आहे. ही बोट पाण्यावर उचलून धावती ठेवायला चौघांसह सुमारे २० अश्वशक्ती, म्हणजे १५ किलोवॅट लागतील असे धरा. ५ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी ४० किलोच्या आसपास वजनाची असते, आणि ती या वेगाला वीस मिनिटे पुरेल. उलट चालण्यापेक्षा थोड्या अधिक वेगाने रमतगमत जायचे असेल तर दीड किलोवॅट पुरतात आणि तीच बॅटरी तीन तास चालते. ज्याला केवळ संध्याकाळी मुलांना काठाकाठाने फिरवून आणायचे आहे, त्याने विजेचाच विचार करावा. सुकाणू यांना खाडीतही जायचे आहे, म्हणून त्यांच्यासाठी मी पेट्रोलच म्हणेन.

आता जुन्या इंजिनाबद्दल. त्याचे दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, दाबमापक लावून दोरी पाच-सहा वेळा ओढा. दोन्ही सिलिंडरांच्या दाबात दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. आकडा किती येतो यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. खालच्या गिअरच्या पेटीतले तेलही थोडे काढून पाहा. ते दुधाळ असेल तर सील गेलेले आहे.

सुकाणू | ६ एप्रिल, दुपारी ४.१५

दाब ११० आणि ७२. तेल दुधाळच होते. दुपारच्या चहाइतके.

फेरेमोजणी | ६ एप्रिल, रात्री ८.४०

कमी दाबाच्या सिलिंडरात रिंग अडकलेली असू शकते, किंवा हेडचे गॅस्केट गेलेले असू शकते. दोन्ही दुरुस्त होते, आणि त्या काळातल्या जॉन्सन व इव्हिनरूड इंजिनांचे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पाण्याच्या पंपाची चकती असे सुटे भाग आजही मिळतात. पण मुले बरोबर असताना ज्या इंजिनावर परत येण्याची भिस्त ठेवायची, ते हे नव्हे. त्याला लाकडी घोड्यावर बसवा आणि हिवाळ्यात शिकण्यासाठी उघडा. पुढे कधी चालवलेत तर तेलाचे प्रमाण वर्षानुसार तपासा. जॉन्सन-इव्हिनरूडने १९६४ पासून ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल हे प्रमाण ठेवले, त्याआधीची इंजिने २४ ला १ मागतात. जुन्या रबरी नळ्या मात्र लगेच फेकून द्या. इथल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि ते असल्या नळ्या आतून सोलून कार्बोरेटरमध्ये नेऊन घालते.

वापरलेल्या दोन-स्ट्रोकचा मोह मी समजू शकतो, कारण ४० अश्वशक्तीचे जुने दोन-स्ट्रोक नव्या चार-स्ट्रोकपेक्षा साठ-सत्तर पौंडांनी हलके असते. परंतु कार्बोरेटरवाली नवी दोन-स्ट्रोक इंजिने अमेरिकेत आता विकली जात नाहीत, आणि थेट इंधन फवारणारी इव्हिनरूडची ई-टेक मालिकाही २०२० मध्ये बंद झाली. जे मिळेल ते दुसऱ्याचे वापरलेले, आणि ते त्याने कसे वापरले हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून नवे चार-स्ट्रोक. प्रश्न उरतो तो ४० चा की ३० चा, आणि इथे माझे मत तुमच्या मूळ इच्छेविरुद्ध आहे.

तुमच्या बोटीवर इंजिनाच्या कमाल ताकदीची पाटी नाही. लहान बोटींसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत जे सूत्र आहे ते असे: लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत. तुमची लांबी १३.३ आणि रुंदी साधारण ५ धरली तर गुणाकार ६६.५ येतो. बोटीला चाकाचे सुकाणू असेल आणि ट्रान्सम किमान २० इंच उंच असेल, तर गुणाकाराची दुप्पट करून ९० वजा करायचे. उत्तर ४३. इंजिन हाताच्या दांड्याने वळवायचे असेल, तर तुमच्या बोटीसारख्या, सपाट नसलेल्या तळासाठी तोच गुणाकार ०.८ ने गुणून २५ वजा करायचे. उत्तर २८, आणि पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत म्हणजे ३० पर्यंत जाता येते. कंपनीने या बोटीला ४० ची मर्यादा दिलेली आहे, म्हणजे ४० कायद्यात बसते. पण ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

वेगाचा हिशोब क्राउच यांच्या जुन्या सूत्राने करू. एकूण वजन भागिले अश्वशक्ती, त्याचे वर्गमूळ, आणि साध्या धावत्या बोटीसाठी १५० ला त्याने भागायचे. दुरुस्त बोट ३५०, इंधन ५०, बॅटरी ४५, तुम्ही चौघे ४२० पौंड. ३० चे इंजिन १६५ पौंडांचे धरले तर एकूण १,०३० पौंड आणि वेग ताशी सुमारे साडेपंचवीस मैल. ४० चे २२० पौंडांचे धरले तर १,०८५ पौंड आणि वेग एकोणतीसच्या आत. म्हणजे ५५ पौंड वजन मागच्या टोकाला टांगून तुम्ही ताशी तीन मैल विकत घेत आहात.

निवांत काठ | ७ एप्रिल, सकाळी ७.३०

तीन मैल कमी वाटतात, पण चौघे बसलेले असताना बोट पाण्यावर उचलायला जो जोर लागतो तो या सूत्रात दिसत नाही. कमी ताकदीचे इंजिन सतत पूर्ण थ्रॉटलवर राबवावे लागते. माझे मत ४० लाच आहे.

फेरेमोजणी | ७ एप्रिल, सकाळी ८.१०

हा आक्षेप योग्य आहे. भरलेली सोळा फुटी बोट असती तर मीही ४० च म्हटले असते. तेरा फुटी, साडेतीनशे पौंडांची बोट ३० वर चौघांसह उचलली जाते, फक्त एक प्रौढ पुढच्या आसनावर बसायला हवा.

खारा वारा | ७ एप्रिल, रात्री ९.२०

वाद घालण्यापेक्षा पाण्यालाच विचारा. दुरुस्ती झाली की इंजिन न घेता बोट पाण्यात सोडा आणि ट्रान्समवर इंजिनाच्या वजनाची वाळूची पोती बांधा. बॅटरी आणि टाकी जिथे ठेवणार तिथे ठेवा. मग मागच्या आसनावर बसा आणि नळीचे बूच काढून मागच्या खळग्यात पाणी कुठवर चढते ते पाहा. ही बोट चालताना कशी वागते याची चिंता करू नका, ती छानच वागेल. खरी अडचण उभी असताना येते, कारण तुम्ही मागे जाऊन इंजिनाशी खटपट करता तेव्हाच मागची कड पाण्याजवळ जाते.

सुकाणू | २ जून, सायंकाळी ७.५०

दोन महिने लिहिणे झाले नाही. ट्रान्सम नवा झाला. फोम चार वेळा थोडा थोडा ओतला. तिसऱ्या वेळी हात सैल सुटला आणि जास्तीचा फोम कुलफीसारखा वर येऊन माझ्या बुटांवर बसला. ते बूट आता कायमचे बोटीचेच झाले आहेत. आतले कवच त्याच पत्र्याने बंद केले, सांध्याला साठ मिलिमीटरांचा उतार दिला, आणि पातवाला यांनी कंटाळ्याबद्दल जे लिहिले होते ते चाळीस मिलिमीटरांच्या आसपास शब्दशः खरे ठरले. नवी पितळी नळी पसरवण्याच्या अवजाराने बसवली. भोके मोठी करून घट्ट एपॉक्सीने बुजवली आणि जिथे स्क्रू हवाच होता तिथे त्या एपॉक्सीतच नवे भोक पाडले. रंगाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. निळ्याची छटा जुळायला तीन प्रयत्न लागले.

पुन्हा त्याच काट्यावर नेली. ३४० पौंड.

काल पोत्यांची चाचणी केली. मागच्या खळग्याला आमच्या घरात आता मोरी हे नाव पडले आहे. २२० पौंड वाळू, बॅटरी आणि टाकी मागच्या आसनाखाली, मी स्वतः मागे बसलेला: मोरी भरून पाणी माझ्या पायाखालच्या तळावर आले. बॅटरी आणि टाकी पुढे सरकवली तेव्हा पाणी मोरीच्या काठाला टेकून थांबले. मग ५५ पौंड वाळू काढली, आणि पाणी काठाच्या दोन बोटे खाली गेले. धाकटा काठावरून पाहत होता. तो म्हणाला, “बाबा, हेच ठीक आहे.”

३० चे इंजिन ठरवले. आधी ट्रान्समची उंची मधोमध मोजली, ती २० इंच निघाली, म्हणून लांब शाफ्टचे. पाच कंपन्यांच्या इंजिनांत वजनाचे थोडे फरक आहेत, पण ज्याचा अधिकृत दुरुस्ती करणारा घरापासून सहा मैलांवर आहे, तेच घेतले.

खारा वारा | २ जून, रात्री १०.००

फार छान. इंजिनाच्या कंसातली वरची दोन छिद्रे १२ ७/८ इंच अंतरावर असतात, आणि ते माप जवळपास सर्व कंपन्यांचे सारखेच असते. म्हणजे ही छिद्रे पुढच्या इंजिनालाही उपयोगी पडतील. नव्या प्लायवुडमधून आरपार भोक पाडाल तिथे भोकाची आतली बाजू एपॉक्सीने पाजा आणि बोल्ट पॉलियुरेथेनच्या सीलंटमध्ये बसवा. सिलिकॉन नको. शिवाय इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावा. एप्रिल २०२१ पासून तो कायदाही आहे.

सुकाणू | २९ जून, रात्री ९.१५

शेवटची नोंद. विक्रेत्याने इंजिनाबरोबर १३ इंच पिचचा पंखा (प्रोपेलर) दिला होता; पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढे अंतर पुढे सरकायला हवा ते. चौघे बसून पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५,०५० फेऱ्यांच्या पुढे जाईना, आणि पुस्तिकेतली मर्यादा ५,२५० ते ६,२५० आहे. फेरेमोजणी यांनी व्यक्तिगत निरोपात कळवले की पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. म्हणून ११ चा पंखा घेतला. आता चौघांसह ५,४५० आणि मी एकटा असताना ५,८५० मिळतात. जीपीएसवर चौघांसह ताशी २५ मैल. सूत्रात साडेपंचवीस होते.

निवांत काठ यांचेही काही अंशी खरे आहे. पत्नी पुढे बसली नाही तर नाळ बराच वेळ वर राहते आणि मला समोरचे दिसत नाही.

मोरी दिवसभर कोरडी होती. काल बोट ट्रेलरवर चढवताना नाळेच्या खाली, ट्रेलरच्या रबरी गुंडीला टेकते त्या जागी, एक बुजवायचे राहिलेले भोक दिसले. म्हणजे ती एकतीस नव्हती, बत्तीस होती. सध्या तिथे चिकटपट्टी लावली आहे.